तुम्ही कोणतं काम घेत नाही?

एकदा एक बांगड्या विकणारी बाई तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात आली आणि एका वृद्ध अर्जलेखकाच्या पेटीवर तिनं आपल्या दुकानाची किल्ली आपटली. म्हणाली, "ही ठेवून घ्या. मला आता हिचा काही उपयोग नाही. तुमच्या शिष्येनं मोठा वकील गाठून दिला, केस जोरात चालली आहे, आणि दुकान बंद आहे ते बंदच आहे."

अर्जलेखक म्हणजे कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली लाकडी पेटी पुढ्यात घेऊन बसणारा माणूस. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण कचेरीला चालेल असं येत नाही, त्याचा अर्ज हा लिहून देतो. या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. चाळीस वर्षं ते एकाच जागी बसत आले होते. न्यायाधीश यायचे, बदली होऊन जायचे. आबांची पेटी हलली नाही.

त्यांच्या हाताखाली हौसा नावाची एक बाई हे काम शिकत होती. अक्षर सुरेख, डोकं तल्लख, आणि धीर अजिबात नाही. तीन वर्षं ती आबांपाशी होती, आणि तीन वर्षं तिला आबांच्या दोन सवयींचा राग येत होता.

पहिली सवय अशी. माणूस समोर येऊन बसला, रडायला लागला, शिव्या द्यायला लागला, तरी आबा काय झालं म्हणून आधी विचारत नसत. त्याला पाणी देत आणि शांतपणे म्हणत, "जिंकलात, असं धरून चालू. तर घरी जाताना हातात काय असायला हवं?" लोक चक्रावून बघत राहायचे. एकजण म्हणाला होता, त्या भावकीवाल्याची इज्जत हातात पाहिजे. आबा म्हणाले, "बरं. पिशवी आणली आहे का?" माणूस रडता रडता हसला होता. मग पाच मिनिटांनी त्यानं खरं सांगितलं, की त्याला विहिरीवर जायची वाट पाहिजे.

दुसरी सवय याहून वाईट. आलेल्या माणसांतले निम्मे आबा परत पाठवत. "हे माझ्याकडचं काम नाही. मोजणीचा अर्ज पलीकडे मुजावर चांगला लिहितो, त्याच्याकडं जा." हौसाच्या जिवाची तगमग व्हायची. ती म्हणायची, आबा, तुम्ही दारात आलेला माणूस हाकलून देता, उद्या आपल्याकडं कोण येईल? आबा चष्मा पुसत म्हणत, "उद्याचा उद्या येईल. आजचा नीट जागी पोचू दे."

आता या बांगड्यावालीचं काय झालं होतं ते सांगते.

तिचं नाव शेवंताबाई कासार. बाजारपेठेत एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या जागेत तिचं फळ्यांचं दुकान होतं. सासूनं घेतलेली भाड्याची जागा, सासू गेली तेव्हा ही बसायला लागली. बत्तीस वर्षं भाडं दिलं, पण पावती कधी मागितली नाही. व्यापाऱ्याचा बाप म्हणायचा, आपल्यात कशाला कागद? बाप होता तोवर ते खरंही होतं. बाप गेला, मुलाला जागा मोठी करायची झाली, आणि त्यानं दोनदा सांगून पाहिलं की बाई, उठा. शेवंताबाई उठली नाही.

नागपंचमी म्हणजे बांगड्यांचा सण. त्या दिवशी शेवंताबाईनं पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून ती माहेरपणाला आलेल्या लेकीला सासरी पोचवायला गेली. तिसऱ्या दिवशी परत येऊन बघते तर तिच्या कुलपाच्या शेजारी दुसऱ्या कडीत नवंकोरं, तळहाताएवढं कुलूप लटकतंय. शेजारचा शिंपी म्हणाला, काल दुपारी लावलं, मी बघितलं.

ती व्यापाऱ्याच्या गोदामात गेली. तिथं त्याच्या माणसानं तिला धरून बाहेर ढकललं. ती दाराच्या चौकटीवर आपटली, हातातल्या बांगड्या फुटल्या आणि मनगटात घुसल्या. जिनं आयुष्यभर दुसऱ्या बायकांच्या हातांना ओरखडा येऊ दिला नाही, तिच्याच मनगटातून भर पेठेत रक्त गळत होतं.

त्याच आठवड्यात ती कोर्टात आली. आबा तेव्हा नव्हते. मोतीबिंदू काढला होता, महिनाभर घरी बसा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेटीपुढं हौसा एकटी होती. तिनं ते मनगट बघितलं आणि तिचं रक्त तापलं. माझंही तापलं असतं. पण रक्त तापलं की माणूस विचार करतो असं मी अजून कुठं पाहिलेलं नाही.

या कोर्टात वकिलाची थोरवी मोजायची एक रीत होती, आणि ती कुणी कुणाला शिकवलेली नव्हती. आवारात फाटकाजवळ पाणपोई होती. आत कोर्टात बोलणाऱ्या वकिलाचा आवाज कुठवर येतो यावर लोक त्याची किंमत करत. व्हरांड्यापर्यंत आला तर बरा, शेडपर्यंत आला तर चांगला, आणि पाणपोईवर पेला तोंडाला लावलेल्या माणसाला ऐकू आला तर तो मोठा वकील. असा आवाज एकाचाच होता. रणनवरे वकील. ते उलटतपासणीला उभे राहिले की पाणी पिणारे थांबत आणि म्हणत, आज कुणाची तरी साल निघतेय.

हौसानं चहाच्या टपरीवर विचारलं, सगळ्यात मोठा वकील कोण? तिला एकच उत्तर मिळालं. ती शेवंताबाईला रणनवऱ्यांकडं घेऊन गेली. रणनवरे म्हणाले, मावशी, हात दाखवा. शेवंताबाईनं हात दाखवला. पोलिसांनी नुसती नोंद करून सोडून दिलं होतं. रणनवऱ्यांनी कोर्टात फिर्याद लावली. व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसाला समन्स निघालं. दोघं येऊन हात जोडून उभे राहिले. रणनवऱ्यांचा आवाज पाणपोईच्याही पुढं, रस्त्यापर्यंत गेला. त्या दिवशी शेवंताबाईनं हौसाला पेढा दिला आणि हौसानं तो मिटक्या मारत खाल्ला.

तारखा पडत गेल्या. व्यापारी स्वच्छ कपडे घालून यायचा, हात जोडायचा, घरी जायचा. शेवंताबाई रस्त्याकडेला पोतं अंथरून टोपलीतल्या बांगड्या विकायची. आत दुकानात काचेचा सगळा माल पडून होता. गौरी-गणपती गेले, दिवाळी गेली, संक्रांत गेली. संक्रांतीला बायका तिच्या पोत्यापाशी थांबायच्या, वाकून बघायच्या आणि पुढच्या पक्क्या दुकानात जायच्या. लग्नसराईला ज्या घरांचा चुडा तीस वर्षं तिच्याकडून जायचा, त्यांतल्या दोन घरांनी दुसरा कासार धरला. हे तिला हाताच्या जखमेपेक्षा जास्त लागलं. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढलं की ते परत वळवायला किती वर्षं जातात, हे दुकानात बसणाऱ्या बाईलाच कळतं.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी ती आली आणि किल्ली आपटली, ती अशी.

आबांनी किल्ली उचलली. हौसाकडं बघितलं. हौसा मान खाली घालून टाक पुसत बसली होती.

आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, की जिंकलात तर घरी जाताना हातात काय असायला हवं? शेवंताबाई फणकारून म्हणाली, "हीच. दुसरं काय? ही किल्ली चालायला हवी. तो तुरुंगात गेला काय, काशीला गेला काय, मला काय करायचंय?"

"पाच महिन्यांपूर्वी हे कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही. सगळ्यांनी हात बघितला."

 मग त्यांनी जे केलं ते हौसाला अजिबात कळलं नाही. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि सांगितलं, की शेवंताबाईंना घेऊन आत्ताच्या आत्ता वकिलांकडं जा. आधी झेंडे वकील, मग रणनवरे, आणि पुढं ज्या कुणाचं नाव निघेल तो. टेबलावर ही किल्ली ठेव. मनगटाचा विषय काढू नको, व्यापाऱ्याचाही काढू नको. एकच प्रश्न विचार, तुम्ही कोणतं काम घेत नाही? उत्तर ऐक आणि ये.

हौसा म्हणाली, "आबा, असं कुणी विचारतं का? खानावळीत जाऊन तुमच्याकडं काय मिळत नाही असं विचारल्यासारखं आहे हे."

"विचार तर खरं."

शेवंताबाई पुटपुटली की म्हाताऱ्याचा डोळा सुधारला पण डोकं बिघडलं. तरी ती उठली. दुसरं करायला तिच्याकडं होतं काय?

झेंडे वकिलांचं टेबल फाटकाजवळच होतं. त्यांच्या पाटीवर इतकी कामं लिहिलेली होती की खाली नाव बारीक झालं होतं. माणूस हसतमुख. हौसानं किल्ली ठेवली आणि प्रश्न विचारला. झेंडे मनापासून हसले. म्हणाले, न घेण्यासारखं काम अजून जन्माला यायचंय. खुनापासून खरेदीखतापर्यंत सगळं करतो. मग किल्लीकडं बघून म्हणाले, "दुकानाचं आहे का? होऊन जाईल. टाकू एक अर्ज."

हौसानं विचारलं, "कुठला अर्ज?"

"टाकू बसेल तो. आधी वकीलपत्र करून घेऊ. मावशी, अंगठा द्या."

"मला सही येते," शेवंताबाई म्हणाली, आणि किल्ली उचलून चालायला लागली.

रणनवरे वकील बारच्या, म्हणजे वकिलांच्या बसायच्या, खोलीत खिडकीपाशी बसले होते.  ज्यांच्याकडं आपणच पक्षकार नेला, त्यांना आता हे कसं विचारायचं? तिनं किल्ली ठेवली आणि डोळे मिटून विचारून टाकलं.

रणनवऱ्यांनी हातातली फाईल मिटली. मग असे हसले की पाणपोईवरची माणसं वळून बघायला लागली. म्हणाले, "तीस वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही. ऐक. ताबा, वाटप, हद्द, भाडेकरू. या कामांना मी हात लावत नाही. त्यात नुसते कागद वाचायचे असतात. मला समोर माणूस उभा लागतो, घाम फुटलेला." मग त्यांची नजर किल्लीवर गेली. "ही कसली, मावशी?"

"दुकानाची."

"दुकान बंद आहे?"

"पाच महिने झाले. त्यानं त्याचं कुलूप घातलंय."

रणनवऱ्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही म्हणालात हात दाखवा, मी दाखवला. फिर्यादीत कुलपाची एक ओळ आहे, तुमच्याच कारकुनानं लिहिलेली. तुम्ही जोरात वाचत होता तेव्हा मी ऐकली."

खोलीतले दोन तरुण वकील खिडकीबाहेर बघायला लागले. रणनवरे चिडले नाहीत. त्यांनी किल्ली उचलून हौसाच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "इंगवले बाईंकडं जा. रेकॉर्डच्या खोलीशेजारी बसतात. जेवून मग नको, आत्ता जा. या प्रकारात दिवसांची काहीतरी मुदत असते. किती ते मला नक्की ठाऊक नाही, म्हणूनच म्हणतो पळा."

इंगवले बाईंचं नाव हौसानं ऐकलं होतं, आवाज कधीच नाही. पाणपोईवर सोडा, त्यांचा आवाज समोरच्या खुर्चीपर्यंत येतानाही दमत असे. लोक म्हणायचे, ही बाई न्यायाधीशाच्या कानात बोलते की काय? केस पांढरे, टेबलावर फायली, भिंतीला दिनदर्शिका.

प्रश्न ऐकून बाई हसल्या नाहीत. सरळ उत्तर दिलं. मारामारी घेत नाही, ते मला जमत नाही. काडीमोडही घेत नाही, त्या मुलींबरोबर मीच रडत बसते. जागेचा ताबा, भाडं आणि हद्द, एवढंच करते. मग त्यांनी किल्ली उचलली आणि विचारलं, "हिनं कुलूप उघडतं?"

"माझं उघडतं. शेजारी त्याचं आहे."

"त्याचं कोणत्या दिवशी लागलं?"

पाच महिन्यांत हा प्रश्न शेवंताबाईला कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, शिंप्यानं डोळ्यांनी बघितलंय. बाईंनी जुन्या दिनदर्शिकेतला दिवस शोधला, बोटानं महिने मोजले, आणि त्यांचं बोट भिंतीवरच्या नव्या दिनदर्शिकेत पुढच्या पानावर एका चौकोनावर येऊन थांबलं.

"सोळा दिवस राहिलेत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी त्या हळू आवाजात सगळं उलगडून सांगितलं. ज्याला कायद्याचा रस्ता न धरता जागेतून बाहेर काढलं, त्यानं सहा महिन्यांच्या आत दावा लावला, तर कोर्ट मालक कोण हे विचारत बसत नाही. त्या दिवशी जागा तुमच्या ताब्यात होती आणि तुम्हाला जबरदस्तीनं बाहेर काढलं, एवढंच दाखवायचं असतं. सहा महिने उलटले की दुसरा रस्ता उरतो. पण तो लांबचा, आणि तिथं जागा कोणत्या हक्कानं तुमच्याकडं आहे हे सिद्ध करावं लागतं. "भाड्याच्या पावत्या आहेत?"

शेवंताबाईनं नाही म्हणून मान हलवली.

"एकही?"

"त्याचा बाप म्हणायचा, आपल्यात कशाला कागद."

"मग तुम्हाला हे सोळा दिवसच आहेत," इंगवले बाई म्हणाल्या. लाइटबिल कुणाच्या नावावर आहे, नगरपालिकेचा परवाना आहे का, शिंपी साक्ष देईल का, असं त्या एकेक विचारत गेल्या. लाइटबिल सासूच्या नावावर होतं, परवाना शेवंताबाईच्या. शिंपी देईल साक्ष. तो व्यापाऱ्याला घाबरतो, पण त्याच्या बायकोच्या हातात माझ्याच बांगड्या आहेत, शेवंताबाई म्हणाली. बाई पहिल्यांदाच जरा हसल्या आणि उद्या सकाळी सगळं घेऊन यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर हौसा फाटकापर्यंत गेली. पाणपोईच्या कट्ट्यावर ती बसली. सोळा दिवस. शेवंताबाई संक्रांतीनंतर न येता होळीनंतर आली असती, तर? तिनं खाल्लेला तो पेढा तिला आठवला.

शेवंताबाईनं तिच्यापुढं पाण्याचा पेला धरला. म्हणाली, "घे. आता रडत बसलीस तर सतराव्या दिवसापर्यंत रडशील. उठ."

दोघी आबांकडं आल्या. हौसानं काही लपवलं नाही. चहाच्या टपरीवर काय विचारलं, कुणाचं नाव आलं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, मी त्यांना वकील नाही दिला, आवाज दिला.

आबांनी तिला काही म्हटलं नाही. ते शेवंताबाईकडं वळले. "बाई, तुमच्या दुकानात एखादी आली आणि म्हणाली, मला तुमच्याकडची सगळ्यात मोठी बांगडी द्या. तर काय कराल?"

"हसेन. मग म्हणेन, हात पुढं कर. मोठी बांगडी घालून करायचंय काय? कोपरापर्यंत चढेल, नाहीतर भांडी घासताना गळून पडेल. बांगडी हाताच्या मापाची लागते."

आबा हौसाला म्हणाले, "ऐकलंस? ज्ञान यांच्याजवळच होतं. पण स्वतःच्या संकटात माणूस स्वतःचा धंदा विसरतो. जखम बोलकी असते, कुलूप मुकं असतं. म्हणून सगळे जखमेकडं धावतात. आपल्याला काय परत हवं आहे, हे आधी ठरवावं. ते ठरलं की कोणत्या प्रकारचा वकील हवा हे ठरतं. आणि समोरचा त्या प्रकारचा आहे की नाही हे त्याला काय येतं ते विचारून कळत नाही. येतं सगळ्यांनाच सगळं. ज्यानं आपलं क्षेत्र खरोखर नांगरलं आहे, त्याला आपला बांध कुठं संपतो हे ठाऊक असतं, आणि बांधापलीकडं कोण आहे हेही. रणनवऱ्यांनी तुला बांधापलीकडचं नाव दिलं. झेंड्यांना बांधच नाही."

हौसा म्हणाली, "मग झेंडे लबाड का?"

"लबाड नाही. त्यानं एक अर्ज टाकला असता, तो कुठंतरी पडून राहिला असता, आणि त्यात सोळा दिवस गेले असते. लबाडी न करताही माणूस बुडवता येतो."

हौसाच्या मनात अजून एक शंका होती. इंगवले बाईंचं काम काय हे आबांना माहीत होतं, मग सरळ त्यांचंच नाव का नाही सांगितलं? आबा म्हणाले, "नाव सांगितलं असतं तर तुला एक नाव कळलं असतं. उद्याच्या माणसाला ते उपयोगी पडलं नसतं. प्रश्न उपयोगी पडेल."

हे ऐकून हौसा गहिवरली, पण शेवंताबाई मुळीच गहिवरली नाही. तिनं पदर खोचला. "आबा, तुमची शिकवण चांगली आहे. पण हिच्या शाळेत माझे दोन तास गेले. माझ्याकडं फक्त सोळा दिवस आहेत. पुढच्या वेळी हिला शिकवायचं असेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी किल्लीवर शिकवा."

 चाळीस वर्षांत आबांना असं कुणी बोललं नव्हतं. आबांनी चष्मा काढला आणि हात जोडले. म्हणाले, "खरं आहे, बाई. माझं चुकलं." आणि मला विचाराल तर, आबा शहाणे होते हे मला त्या क्षणी पटतं, आधीच्या भाषणानं नाही.

त्या दिवसापासून हौसानं पेटीवरचं दुसरं काम बाजूला ठेवलं. परवान्याच्या नकलेसाठी ती नगरपालिकेच्या जिन्यावर तीन दिवस बसली. लाइटबिलं गोळा केली. शिंप्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोशी बोलली, मग शिंप्याशी. इंगवले बाई सांगत गेल्या, हौसा लिहीत गेली. मुदत संपायला सात दिवस असताना दावा दाखल झाला. मारहाणीची फिर्याद रणनवऱ्यांकडं चालूच राहिली. हातही शेवंताबाईचाच होता, तो काही सोडून द्यायचा नव्हता. पण त्या फिर्यादीच्या तारखेला शेवंताबाई आली की रणनवरे आता आधी विचारत, "मावशी, तिकडचं कुठवर आलं?"

दावा काही उडत निकाली निघाला नाही. कोर्ट आहे ते. पुढची नागपंचमीही शेवंताबाईनं पोत्यावर बसून काढली. व्यापाऱ्याच्या वकिलानं म्हटलं, बाईकडं कागद कुठं आहे? इंगवले बाई उठल्या आणि इतक्या हळू बोलल्या की न्यायाधीशांना पंखा बंद करायला सांगावं लागलं. पंखा थांबला, कोर्ट शांत झालं, आणि बाईंचा शब्द न् शब्द ऐकू आला. कागद मालकी ठरवायला लागतो, साहेब. इथं प्रश्न फक्त इतकाच आहे की त्या दुपारी आत कुणाचा माल होता. शिंप्यानं साक्ष दिली. व्यापाऱ्याकडं न बघता, पण दिली.

निकालानंतर कोर्टाचा बेलीफ पेठेत आला. व्यापाऱ्याचं ते तळहाताएवढं कुलूप त्यानं काढून टाकलं. मग तो बाजूला झाला, कारण दुसरं कुलूप शेवंताबाईचं होतं. ते गंजलं होतं. हौसानं आणलेलं तेल त्यात सोडलं. किल्ली आधी फिरेना. शेवंताबाईनं ती हलकेच मागे घेतली, पुन्हा घातली, जशी अवघड हातात बांगडी घालतात तशी, न रेटता. कुलूप उघडलं.

आत बोटभर धूळ होती. फळ्या काढल्यावर ऊन आत गेलं आणि त्या धुळीखाली काच चमकली. शेवंताबाईनं पदरानं बैठक झटकली, बसली, आणि म्हणाली, "हौसा, हात पुढं कर."

हौसा नको म्हणत होती. शेवंताबाईनं तिचा हात धरला, बोटांची गाठ दाबून बघितली, डब्यात हात घातला आणि न बघता हिरव्या बांगड्या काढल्या. एकही तडकली नाही. मापाच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आबांच्या पेटीपुढं एक माणूस धापा टाकत आला. आबा डुलकी घेत होते. माणूस हौसाला म्हणाला, ताई, लवकर सांगा, इथला सगळ्यात मोठा वकील कोण?

हौसानं त्याला पाणी दिलं. तो पिऊन होईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "जिंकलात, असं धरून चालू. तर घरी जाताना हातात काय असायला हवं?"

माणूस बघत राहिला. मग हळूहळू बोलायला लागला. हौसानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे माझ्याकडचं काम नाही. तिनं ज्याचं होतं त्याच्याकडं बोट दाखवलं, तेव्हा हातातल्या बांगड्या वाजल्या. त्या आवाजानं आबांनी एक डोळा उघडला, तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा मिटला.

वकिलाकडं जाताना त्याचा आवाज कुठवर येतो ते मागाहून बघा; आधी आपलं कुलूप कुठं आहे ते बघून घ्या, आणि ते लागलं त्या दिवसाची तारीख पाठ करून जा.